माझा चौरस कुणी ओढला?

परभणीच्या माणसाला जन्मदाखल्याबरोबर एक म्हण मिळते : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ जमलं तर जमलं, नाही तर आपलं परभणी आहेच. बाहेरगावचे लोक ही म्हण आम्हाला चिडवायला वापरतात आणि आम्ही ती एकमेकांना धीर द्यायला वापरतो. भूमितीचा पेपर सोडवताना मी तर हेच धोरण ठेवलं होतं. रचना बनली तर बनली. नाही बनली तर खोडरबर. खोडरबरानं कागद फाटला तर ‘आकृती पुरवणीत पाहावी’ असं लिहायचं आणि पुरवणी जोडायची नाही. मला ३५ गुण देणारा तो परीक्षक ती पुरवणी अजून शोधत असेल.

अशा माणसाच्या घरात २०२० च्या पावसाळ्यात भूमितीचा वर्ग भरावा आणि त्याला त्या वर्गाचा हेडमास्तर व्हावं लागावं, हा नियतीनं माझ्यावर उगवलेला सूड होता.

झालं असं. पुतणी दहावीला. तिच्या टोळीतली बाकीची पोरं तालुक्यांची; शिकायला परभणीत खोल्या करून राहायची. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळी आपापल्या गावी पांगली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं सरकार सांगत होतं. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, पण ती पहिली ते आठवीसाठी. दहावीवाले ना टिलीत, ना मिलीत. बीजगणित पाठांतरावर ढकलता येत होतं. भूमिती येत नव्हती. फोनवर बीजगणित सांगता येतं. त्रिकोण कसा सांगणार? ‘वरती एक टोक आहे, खाली दोन आहेत’ एवढं सांगून झालं की मजकूर संपतो.

मग कुणीतरी जिओजेब्रा शोधून काढलं. बालभारतीच्या भूमितीच्या पुस्तकात आयसीटी नावाची एक चौकट असते, तिच्यात हे नाव आहे. ही चौकट ‘हे परीक्षेला नाही’ असं समजून वाचायची नसते, अशी प्रथा आहे. पोरांनी ती प्रथा मोडली, कारण दुसरं काही वाचायला उरलं नव्हतं. नाव ऐकून मला ते झेब्र्याच्या जातीचं वाटलं. पुतणीनं सांगितलं, जिओमेट्री आणि अल्जिब्रा यांचं ते लग्न आहे. मार्कुस होहेनवार्टर नावाच्या एका पोरानं २००१ च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला शिकता शिकता ते करायला घेतलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. फुकट म्हटल्यावर आमच्या घरात त्याला विरोध उरला नाही.

घरात ब्रॉडबँड आणि लॅपटॉप माझ्याकडेच, म्हणून मी होस्ट. मीटिंगही फुकटची, ४० मिनिटांत आपोआप संपणारी. शाळेच्या तासासारखीच, फक्त घंटा वाजत नाही, समोरची माणसं नाहीशी होतात.

पोरांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना गावांच्या नावानं हाका मारू लागलो. रोज संध्याकाळी सात वाजता आमच्या ओसरीवरून आवाज घुमे : “जिंतूर, आहेस का? गंगाखेड, माईक बंद कर. पाथरी, उजेडात ये. पूर्णा कुठंय? पूर्णा आली नाही अजून?” शेजारच्यांना वाटलं, लॉकडाउन उठला आणि मी एसटीच्या चौकशी खिडकीवर लागलो. एकानं तर भिंतीवरून विचारलंही, “गंगाखेडची शेवटची किती वाजता आहे हो?”

सात वाजता, कारण त्याआधी फोन शेतात असायचा. फोन पोरांचा नव्हे, बापाचा. बाप शेतातून आला की फोन येणार, फोन आला की चार्जिंगला लागणार, चार्जिंग झालं की लाईट जाणार. जिंतूरवाला रेंजसाठी कडब्याच्या गंजीवर चढून बसायचा. तिथून तो समरूपतेच्या कसोट्या सांगायचा, तेव्हा मागं म्हशीचं शिंग दिसायचं. दोन शिंगं एकरूप आहेत की नुसती समरूप, यावर एक तास गेलेला मला आठवतो.

पहिल्या दिवशी जिंतूरनं चौरस काढला. लॅपटॉपची स्क्रीन सगळ्यांना दिसत होती आणि पुतणीनं त्याला दुरून ताबा दिला होता. त्यानं डोळे बारीक करून, जीभ बाहेर काढून चार बिंदू ठेवले, जोडले. देखणा चौरस. ताट ठेवून जेवावं असा. तेवढ्यात ताबा पूर्णेकडं गेला, तिनं एका कोपऱ्याला बोट लावलं आणि ओढलं. चौरसाची पतंग झाली.

“माझा चौरस कुणी ओढला?” गंजीवरून आरोळी आली.

“म्या नुसतं हात लावला.”

“कामून लावलास? नीट होता की!”

“नीट होता तर मोडला कसा?”

या शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरली. मलाही तो नीट कळायला दोन दिवस लागले. कागदावरचा चौरस गरीब असतो, एकदा काढला की बसतो जागेवर. त्याला कुणी विचारत नाही, बाबा रे, तू चौरस कशावरून? इथं प्रत्येक कोपऱ्याला बोट लावता येतं. जिंतूरचा चौरस चौरसासारखा दिसत होता, पण चौरस असण्याचं कारण त्याच्याजवळ नव्हतं. माझ्या सगळ्या शालेय आकृत्या अशाच होत्या. बऱ्या दिसायच्या, म्हणून पचायच्या.

मग गंगाखेडनं, ही पोरगी कमी बोलते, एक रेषाखंड घेतला. दोन्ही टोकांना लंब उभे केले. एका टोकाला केंद्र धरून रेषाखंडाएवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं. ते लंबाला छेदलं तिथं तिसरा बिंदू, त्यातून पायाला समांतर रेषा, चौथा बिंदू. मग म्हणाली, “आता ओढा.” सगळ्यांनी आळीपाळीनं ओढला. चौरस मोठा झाला, लहान झाला, कलंडला, उलटा झाला. पण चौरस राहिला. पाथरीनं तर तो असा ओढला जसा पोळ्याच्या दिवशी अडून बसलेला बैल ओढावा. तरी काटकोन हलला नाही. हीच रचना युक्लिडनं तेवीसशे वर्षांपूर्वी पहिल्या पुस्तकाच्या शेवटाकडे, ४६ वी म्हणून दिलेली आहे. त्याच्याकडे पूर्णेची पोरगी नव्हती, म्हणून त्याला सिद्धता लिहावी लागली.

या सॉफ्टवेअरमध्ये मोकळे बिंदू निळे असतात. ते कुठंही हलवा. त्यांच्यावर अवलंबून असलेले बिंदू काळपट. त्यांना कितीही ओढा, ते हलत नाहीत, निळा हलला की निमूट मागं जातात. हे ऐकताच मला आमच्या घराची आकृती स्पष्ट झाली. निळा बिंदू एकच, आमची आई, वय ८४. बाकी आम्ही सगळे काळपट.

आई वर्गाला रोज हजर असे. तिला वाटे की नात ठिपक्यांची रांगोळी शिकते आहे. तिचं चुकत होतं असंही म्हणवत नाही. “ठिपका सरकला की फूल फिसकटतं,” हे ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, जिंतूरचा चौरस मोडायच्या आधी. कुणी लक्ष दिलं नाही.

ताब्यावरून मात्र रोज भांडणं. एकाच्या हाती ताबा असला की बाकीचे चौघे सूचना करणार, “वर, वर, खाली, आता सोड”. ट्रक मागं घेताना क्लिनर ओरडतो तशा. मला वाटलं, हा परभणीचा दोष. पण अमेरिकेत फिलाडेल्फियाला ड्रेक्सेल विद्यापीठात गेरी स्टाल नावाच्या प्राध्यापकानं काही वर्षं हाच उद्योग केला. तीन ते पाच पोरं, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेली, एकच जिओजेब्राची आकृती आणि शेजारी गप्पांची खिडकी. तिथंही आकृती हलवायची तर आधी ‘ताबा घ्या’ असं बटण दाबायचं, म्हणजे एका वेळी एकाचाच हात. पुढं त्यानं त्या पोरांचा एकेक संवाद, कोण काय म्हणालं, कुणी केव्हा काय ओढलं, हे तपासून जाडजूड पुस्तकं लिहिली. आमच्याकडचे संवाद लिहून घेतले असते तर पुस्तक झालं असतं, पण छापता आलं नसतं.

शेवटी पुतणीनं युक्ती काढली. आकृती साठवायची आणि तिची लिंक गटात टाकायची. लिंक उघडली की प्रत्येकाच्या फोनवर ज्याची त्याची प्रत. ज्याला जसं ओढायचं तसं ओढा, दुसऱ्याचं काही बिघडत नाही. वाटणी झाल्यावर भावाभावांत जसा गोडवा येतो तसा गटात आला. तो दहा मिनिटं टिकला.

त्या दिवशी त्रिकोणाच्या मध्यगा होत्या. तिन्ही मध्यगा एका बिंदूत भेटतात, तो संपातबिंदू, आणि तो प्रत्येक मध्यगेला २ : १ असा विभागतो. हे वाक्य मला पाठ होतं आणि अर्थाचा कधी त्रास झाला नव्हता. पोरं आपापला त्रिकोण ओढायला लागली.

“माझा लघुकोन आहे,” गंगाखेड.

“माझा विशाल झालाय. लई विशाल. पार झोपला.” जिंतूर.

“माझा चुकून काटकोन झाला,” पूर्णा.

पाथरीचा त्रिकोण इतका बारीक होता की त्यालाही तो दिसत नव्हता.

“आता प्रत्येकानं मोठा भाग भागिले लहान भाग करा,” पुतणी म्हणाली. “जिंतूर?”

“दोन.”

“गंगाखेड?”

“दोन.”

“पूर्णा?”

“दोन.”

“पाथरी?”

बराच वेळ उत्तर नाही. मग संशयानं भरलेला आवाज : “तुम्ही एकमेकांचं बघून सांगायलात का?”

“तुझं किती आलं?”

“दोनच आलंय. म्हणून तर इचारतोय.”

आयुष्यभर आम्हाला शिकवलं गेलं की सगळ्यांची उत्तरं सारखी आली म्हणजे कॉपी झाली. चार गावं, चार त्रिकोण, एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही, आणि उत्तर एकच. याला प्रमेय म्हणतात, हे मला वयाच्या ६१ व्या वर्षी कळलं. त्या आधी प्रमेय म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता अशी तीन खोल्यांची एक इमारत, जिच्यात मी पक्षाच्या खोलीतून कधी पुढं गेलो नव्हतो. बाबाबा, बाकोबा, कोबाको या एकरूपतेच्या कसोट्या मी म्हसोबा-खंडोबांच्या जोडीनं म्हणायचो आणि परीक्षेच्या दिवशी पाचांनाही नमस्कार करायचो. कोकोबा राहून जायचा. बहुधा त्याचाच कोप.

दिवाळीच्या सुमारास पोरांना नवा नाद लागला. जिल्ह्याचा नकाशा आकृतीच्या मागं लावायचा आणि आपापल्या गावावर बिंदू ठेवायचा. उत्तरेला जिंतूर, दक्षिणेला गोदाकाठी गंगाखेड, पश्चिमेला पाथरी, पूर्वेला पूर्णा. चौकोन झाला. त्याचे कर्ण काढले तर ते परभणीच्या शेजारीच छेदले, म्हणजे जवळजवळ आमच्या ओसरीत. मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं. मग प्रश्न आला, हा चौकोन चक्रीय आहे का? एका रेषेत नसलेल्या कुठल्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातंच, त्यात मोठेपणा नाही. चौथा त्यावर सापडला तर मौज. जिंतूर, गंगाखेड आणि पाथरी यांतून वर्तुळ गेलं. पूर्णा थोडक्यात हुकली, वर्तुळाच्या आतच राहिली.

“पूर्णा नाही म्हणजे वर्तुळ अपूर्ण,” जिंतूरनं गंजीवरून कोटी केली.

“माझ्या गावाला जंक्शन आहे. तुझ्या गावाला रूळ तरी आहे का?” पूर्णेनं उत्तर दिलं. त्यानंतर दोन दिवस त्या बाजूचे संबंध समांतर होते.

पाथरीचा पोरगा यात गप्प होता. एके दिवशी तो म्हणाला, “आमच्या गावात गणितवाले होते म्हणे. सरांनी सांगितलं.” आम्हाला पाथरी म्हटलं की साईबाबा आठवतात. २०२० च्याच जानेवारीत बाबांच्या जन्मस्थानावरून एवढा वाद झाला की शिर्डी एक दिवस बंद होती. पण सरांचं खरं होतं. पाथरीला जुन्या पोथ्यांत पार्थपूर म्हणतात. तिथल्या ज्ञानराज नावाच्या ज्योतिष्यानं १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा खगोलाचा ग्रंथ लिहिला आणि त्याचा मुलगा सूर्यदास यानं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली. याच सूर्यदासानं एक काव्य असं रचलं की सरळ वाचलं तर रामाची कथा, उलटं वाचलं तर कृष्णाची. जिओजेब्रात ‘प्रतिबिंब’ नावाचं बटण आहे. या गृहस्थांनी ते संस्कृतात बसवलं होतं. या बापलेकांसाठी आजवर कुठलंही गाव बंद झालेलं नाही. गणिताची उपेक्षा म्हणतात ती हीच.

मग ठरलं, पाथरीच्या मानाखातर लीलावतीतलंच एक गणित करायचं. भास्कराचार्यांनी ते साडेआठशे वर्षांपूर्वी घातलं. नऊ हात उंच खांब. खांबावर मोर. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबाच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे २७ हातांवरून, साप बिळाकडं येतोय. मोरानं पाहिलं आणि तिरपी झडप घातली. दोघांनी सारखंच अंतर तोडलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल?

पुतणीनं खांब उभा केला, जमीन आडवी टाकली, जमिनीवर एक सरकता बिंदू ठेवला. बिंदूपासून मोरापर्यंतचं अंतर एका बाजूला दिसतंय, सापापर्यंतचं दुसऱ्या बाजूला. लिंक गेली. चार गावांत चार बोटं एकाच सापाला ढकलू लागली.

“मोर १४ पॉइंट काहीतरी, साप १६.”

“अजून सरकव.”

“जास्त झालं. मोर साडेपंधरा.”

“मागं घे, मागं घे...”

“पंधरा! दोन्ही पंधरा! बिळापासून बारा!”

जिंतूर उठून नाचला असावा, कारण स्क्रीनवर आधी आभाळ, मग कडबा, मग म्हैस दिसली. गंगाखेडनं शांतपणे सांगितलं, “नऊ, बारा, पंधरा. पायथागोरसचं त्रिकुट आहे. मी आधीच केलं होतं वहीत.” तिच्याकडं सगळ्यांनी ज्या नजरेनं पाहिलं असेल ती रेंजमुळं तिच्यापर्यंत पोचली नाही.

इतका वेळ आई ऐकत होती. चुरमुऱ्यांचा सुशीला परतता परतता तिनं स्वयंपाकघरातून विचारलं, “सापाला कुठं जायचंय?”

“बिळात, आजी.”

“मोर कुठं बसलाय?”

“बिळाच्या वरच. खांबावर.”

“मग मोर तिरपा कशाला उडतोय? सरळ खाली उतरून बिळाच्या तोंडाशी बसावं. साप येतोच की तिथं.”

पाचही पोरं गप्प. मोराला खाली उतरायला नऊ हात, सापाला यायला २७. आजीचा मोर उतरून, पिसारा आवरून, एक डुलकीही काढू शकला असता.

“आजी, पण गणितात तसं नाहीये,” पाथरीनं गावाची बाजू सावरली.

“मग मोराला अक्कल कमी आहे,” आई म्हणाली आणि तिनं चुरमुऱ्यांवर कोथिंबीर टाकली. सूर्यदासानं टीकेत या मुद्द्याचं काय केलं ते पाहायला हवं.

एप्रिल २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली. जुलैत निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. वर्षभर ओढलेल्या त्या चौरसाला, त्या चार त्रिकोणांना, त्या सापाला एकही गुण मिळाला नाही. पोरं अंतर्गत मूल्यमापनावर पास झाली. आईनं विचारलं, “परीक्षा झाली नाही, तर पास कशात झाले?” मला उत्तर देता आलं नाही. पण त्या रात्री मी आमच्या काळातली ती ३५ गुणांची गुणपत्रिका बाहेर काढली. मी परीक्षा देऊन पास झालो होतो आणि मला मध्यगा येत नव्हत्या. ही पोरं परीक्षा न देता पास झाली आणि त्यांना त्या कुणी झोपेतून उठवून विचारल्या तरी येतात. जिंतूरनं तर कुणी काही छातीठोक सांगितलं, भाव, हवामान, निवडणूक, की एकच विचारायची सवय लावून घेतली आहे : “ओढून बघितलंस का?”

माझ्या फोनवर ती आकृती अजून आहे. ॲप एकदा उतरवलं की त्याला नेट लागत नाही. लाईट गेल्यावर मी अंधारात मोर-साप खेळत बसतो. तुमच्या घरी दहावीचं पोर असेल तर आज त्याच्याबरोबर एवढं करा. खांब ९ हात, साप २७ हातांवर. दोन्ही अंतरं सारखी येईपर्यंत बिंदू सरकवा. बिळापासून १२ हातांवर थांबाल. आणि घरात आजी असेल तर तिला आधी विचारा.